मागच्या खोलीची निवडणूक

मी हरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत आशेला लावल्याचं पाप माझ्या माथी नको. गावच्या शाळा समितीवर दुसऱ्यांदा निवडून यायला मी उभी राहिले आणि पाच मतांनी हरले. त्या हरण्याची मला आजतागायत लाज वाटलेली नाही. ज्यांना वाटायला हवी होती त्यांना वाटली का, हे मी कुणाला विचारायला गेले नाही.

माझं माहेर पूर्णेचं. वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या वसाहतीत एक लहानशी मराठी शाळा चालायची आणि तिथं मी चौथी पास झाले. दाखला वडिलांनी पत्र्याच्या पेटीत घालून माझ्याबरोबर सासरी पाठवला. सासर जिंतूरच्या बाजूचं, काळ्या रानाचं, कापसाचं गाव. आमचं घर लिंगायताचं, घरात किराणा दुकान. चौदाव्या वर्षी मी त्या गावात आले आणि आल्या दिवसापासून 'पूर्णेवाली' झाले. आमच्याकडं सुना अशाच ओळखल्या जात. शेजारची सेलूवाली, पलीकडची बोरीवाली, धनगरवाड्यातली येलदरीवाली. लग्नात सासरचं नवं नाव ठेवलं होतं ते एकदा पूजेला बसताना घेतलं आणि मग तेही कुणी घेतलं नाही.

निजामाच्या राज्यात गावच्या शाळेत सगळं उर्दूत चालायचं. पोलीस ॲक्शननंतर मास्तर बदलला, पाटीवर मराठी अक्षरं आली. पण एक गोष्ट बदलली नाही. शाळेला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पोरं बसत आणि मागच्या खोलीत कापूस. दिवाळी झाली की गावच्या आडत्याच्या गाड्या मागच्या गल्लीतून येत, खोली छतापर्यंत भरली जाई आणि शिमग्यापर्यंत तिला कुलूप असे. उरलेल्या दिवसांत तिथं उंदीर आणि मागं राहिलेली सरकी. आडत्याच्या वडिलांनी ती खोली बांधायला लाकूड दिलं होतं म्हणे. दिलं असेल. देवळाला घंटा दिली म्हणून कुणी गाभाऱ्यात म्हैस बांधत नाही.

पोरी शाळेत नव्हत्या. पुढच्या खोलीत मिसरूड फुटलेली पोरं बसत, त्यांच्यात आपल्या पोरी बसवायला कुणाची आई तयार नव्हती. मीही नव्हते. माझी मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि दुकानात पुड्यांच्या कागदावरची अक्षरं बोटानं चाचपत बसायची.

अशात वरून कागद आला की शाळा समितीत एक बाई असावी. पाटलानं गावभर नजर फिरवली. त्याला अशी बाई हवी होती जिला सही येते आणि जिचा नवरा फार बोलत नाही. दोन्ही गोष्टी आमच्या घरी होत्या. मला न विचारता माझं नाव गेलं आणि महिन्याभरानं कोतवाल ठरावांची वही घेऊन दारात आला. म्हणाला, "इथं खाली सही करायची हाय बाई, बाकी काई न्हाई."

मी वही वाचली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पाटलानं करून घेतलं होतं, कारण सही येणाऱ्या बाईला वाचताही येतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. वहीत लिहिलं होतं की मागची खोली हंगामापुरती गावच्या कामासाठी द्यावी. गावचं काम म्हणजे कुणाचं काम ते मला ठाऊक होतं. मी डोक्यावर पदर घेतला, वही काखेत मारली आणि चावडीवर गेले. चौघं सतरंजीवर बसून विड्याची पानं जुळवत होते.

पाटील म्हणाला, "बाई, सही घरूनच करायची असती."

"खोली घरात असती तर घरूनच केली असती," मी म्हणाले आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर बसले.

त्या दिवशी मी सही केली नाही. पुढच्या महिन्यातही केली नाही. मास्तर भला माणूस. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला की ठरावाला पाचही सह्या लागतात. अखेर आडत्याला आपल्या वखारीवर नवे पत्रे घालून कापूस तिथं न्यावा लागला. आम्ही बायांनी मागची खोली झाडली, उंदरांची बिळं बुजवली, शेणानं सारवली. खोलीचं दार मागच्या गल्लीत उघडायचं, त्यामुळं पोरींना चावडीपुढून जावं लागत नव्हतं. पहिल्या वर्षी चार पोरी आल्या. तिसऱ्या वर्षी एकोणीस झाल्या, त्यांत तीन धनगरांच्या होत्या. माझी मुलगी त्यांच्यात बसून मोठ्यानं पाढे म्हणायची आणि दुकानात बसून मला ते ऐकू यायचे. त्या वर्षांत मला फार सुखाचं वाटत होतं.

मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि त्याच्या पुढच्या वर्षी समितीची मुदत संपली. नव्या कागदात बाईचा काही उल्लेख नव्हता. पाच जागांसाठी गावानं निवडणूक घ्यावी, ज्यांची पोरं शाळेत आहेत त्या आयांनी आणि बापांनी मत द्यावं, एवढंच होतं. पाटील आणि त्याचे तिघं बिनविरोध आले. पाचव्या जागेसाठी मी अर्ज भरला आणि आडत्यानंही भरला.

आडत्या वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. बोलायला गोड, पाहुण्यारावळ्याला हात सैल. तो आमच्या दुकानात आला, गुळाच्या ढेपेशेजारी बसला आणि म्हणाला, "वहिनी, तुमी तीन वर्षं लय केलं. आता जरा आराम करा."

"पडून ऱ्हायला मी काय कापूस हाय का?" मी म्हणाले.

तो हसला. गेला तेव्हाही हसतच गेला, पण थोरल्या दिरांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. दुकानाचं मीठ आणि तेल त्याच्या गाड्यांतून यायचं. दुसऱ्या दिवशी हे तागडी पुसत पुसत मला म्हणाले, "थोरले म्हणायलेत, माघार घ्यावी."

"आणि तुमी काय म्हणायलात?"

ह्यांनी तागडी पुन्हा पुसली. सकाळी लिंगपूजा होईपर्यंत हे कुणाशी बोलत नसत आणि पूजा झाल्यावरही फार बोलत असं नाही. मी त्या दिवशी खूप चिडले. म्हणाले, "तुमी बसा तोलत. मी माघार घेत न्हाई. मी हटले तर दिवाळीला खोलीत कापूस येईल आणि तुमची पोर पुड्या बांधायला बसंल." मतदानाला मी येणारच नाही, एवढं हे रात्री जेवताना ताटाकडं बघून म्हणाले.

अर्ज घ्यायला तालुक्याच्या कचेरीतला पेशकार आला होता. म्हातारा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याची सगळी हयात उर्दूत लिहिण्यात गेली होती आणि आता या वयात मराठी अक्षरं डावीकडून ओढताना त्याचा हात अडखळायचा. तो कागदाला फार मानायचा. शिक्षणाचा पुरावा पाहिजे म्हणाला, मी पेटीतला दाखला दिला. दाखल्यावर माझं माहेरचं नाव आणि पुढं वडिलांचं नाव. अर्जावर आणि दाखल्यावर एकच नाव पाहिजे, असं म्हणून त्यानं तेच उतरवून घेतलं. मी सही केली. इतकी वर्षं जुन्या नावानं सही केली नव्हती म्हणून जरा थबकले, आणि विसरून गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी गाव पिंजून काढलं. नदीवर धुण्याच्या दगडांपाशी गेले, वेचणीच्या रानात गेले, धनगरवाड्यात मेंढरांच्या कडेला बसून बायांशी बोलले. बाप्यांपुढं भाषण करायची सोय नव्हती, पण मला त्यांची गरजही नव्हती. पोरीची आई एकदा हो म्हणाली की झालं. बाया म्हणायच्या, "तुलाच देणार गं माय, आणिक कुणाला?" मी मनात मोजत होते आणि माझा हिशोब नीट जुळत होता. आडत्याकडं बापे जास्त, माझ्याकडं बाया जास्त, आणि बाया मतदानाला यायच्याच.

मतदान चावडीत होतं. हात वर करून मतं घेतली की मोजताना डोकी फुटतात, म्हणून पेशकारानं नियम केला की एकेकानं टेबलापुढं यायचं आणि आपल्या माणसाचं नाव स्पष्ट सांगायचं. तो यादीत रेघ मारणार. एकदा बोललेलं बदलायचं नाही. मी एका कोपऱ्यात बसले, आडत्या दुसऱ्या कोपऱ्यात. मधे सतरंजीवर पाटील आणि गावची मोठी माणसं, त्यांत आमचे थोरले दीर.

पहिल्यांदा चार बापे आले. चौघांनी आडत्याचं नाव घेतलं. मग सेलूवाली आली. पदर दातात धरून तिनं सांगितलं, "पूर्णेवालीला."

पेशकारानं यादी पाहिली. चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. "ह्या नावाचा उमेदवार न्हाई."

"अहो, ती काय बसलीय की!"

"कागदात हे नाव दर्ज न्हाई, बाई." आणि त्यानं 'बाद' लिहिलेल्या रकान्यात एक रेघ मारली.

मी ताडकन उठले. म्हणाले, "साहेब, गाव मला याच नावानं हाक मारतं. सोळा वर्षं झाली." तो शांतपणे म्हणाला की उमेदवारानं बोलायचं नाही. तोवर बोरीवाली टेबलाशी पोचली होती. ती म्हणाली, "दुकानवाल्याच्या बायकोला." बाद. तिसरी म्हणाली, "शाळंच्या बाईला." बाद. चौथीनं तर माझ्या मुलीचं नाव घेऊन तिच्या आईला मत दिलं. मी भांडत होते आणि पेशकार मान हलवत होता आणि रेघा पडत होत्या. सतरंजीवर हशा पिकला. एकाला हसताना ठसका लागला, त्याला पाणी आणून दिलं गेलं.

नऊ बाया बाद झाल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरा दिवस मी घरोघर फिरले. खोलीबद्दल बोलले, पोरींबद्दल बोलले, आडत्याबद्दल जरा जास्तच बोलले. आणि अर्जावर माझं नाव काय आहे हे गावातल्या एकाही बाईला सांगितलं नाही. मला सुचलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण आमच्याकडं सुनेला तिचं नाव कुणी विचारत नाही. सगळं मुसळ केरात, आणि ते मीच माझ्या हातानं घातलं होतं. पेशकाराला दोष देण्यात काही अर्थ नव्हता.

पाटील माझ्याकडं झुकून म्हणाला, "बाई, कशाला हसं करून घेतीस? माघार लिहून दे, मी मोकळा, तू मोकळी."

"हसणारे हसून दमतील, पाटील," मी म्हणाले. "मी बाहेर जाऊन येते. त्याला तर बंदी न्हाई ना?"

पेशकारानं नियमांचा कागद खालपर्यंत वाचला. चावडीच्या पायऱ्यांच्या आत बोलायचं नाही, बाहेरचं काही लिहिलेलं नाही, असं तो म्हणाला. मी पायऱ्या उतरले.

बाहेर मारुतीच्या पारापाशी बाया जमल्या होत्या. काही रानातून तशाच आलेल्या, ओटीत वेचलेला कापूस. आत काय झालं ते त्यांना कळलं होतं आणि त्या घाबरल्या होत्या. मी त्यांच्यापुढं उभी राहिले आणि माझं नाव सांगितलं. माझं आणि माझ्या वडिलांचं. मोठ्यानं सांगितलं तेव्हा ते माझ्याच कानाला परक्या माणसाचं वाटलं. मला लाज वाटली आणि लाज वाटल्याचा रागही आला, म्हणून मी पुन्हा एकदा, अजून मोठ्यानं सांगितलं.

धनगरवाड्यातली येलदरीवाली सगळ्यांत थोरली होती, तिची नात मागच्या खोलीत शिकायची आणि नातीची आई गेल्यानं यादीत पालक म्हणून तिलाच धरलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "हे तुझं नाव हाय? लय चांगलं हाय की गं. मग इतके दिस सांगितलं का न्हाईस?"

"तुमी तरी कुठं सांगितलं तुमचं?" मी म्हणाले.

म्हातारीनं जरा विचार केला. मग तिनं तिचं नाव सांगितलं. ते एका फुलाचं नाव होतं, आणि ते सांगताना तिचं तोंड एकदम लहान मुलीसारखं झालं. सेलूवाली, जिचं मत आधीच बाद झालं होतं, ती म्हणाली, माझं ऐका. मग बोरीवाली. मग सगळ्याच. कुणी हसत होतं, कुणी दुसरीचं नाव ऐकून "अगं बया!" म्हणत होतं. एकीला तिचं सासरचं नाव आठवत होतं पण माहेरचं जिभेवर येईना. ती डोळे मिटून उभी राहिली आणि मग तिला आठवलं. या बायांबरोबर मी सोळा वर्षं पाणी भरलं होतं, त्यांची बाळंतपणं केली होती. मला त्यांतल्या एकीचंही नाव ठाऊक नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

मग त्या माझं नाव घोकत आत गेल्या. येलदरीवालीनं टेबलावर हात ठेवून माझं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं आणि वर, "पूर्णेची" असं जोडलं. पेशकार म्हणाला, "पूर्णेची लिहायची जरूर न्हाई, पण नाव दुरुस्त हाय," आणि रेघ मारली. सतरंजीवरचं हसणं थांबलं. एकीनं पायरीवर थांबून मला परत विचारलं आणि मग पळतच आत गेली. दोघी घाबरून आडत्याचं नाव घेऊन बसल्या, कारण तेवढंच त्यांना पाठ होतं. बाकी सगळ्यांनी बरोबर सांगितलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा हे आले. मी तोवर परत कोपऱ्यात बसले होते. ह्यांना मी पायऱ्या चढताना पाहिलं. थोरले दीर समोरच बसलेले. त्यांनी ह्यांच्याकडं अशी नजर टाकली की मलाच खाली बघावंसं वाटलं. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण वडीलधाऱ्यांपुढं नवराही बायकोचं नाव घेत नाही. घेतलं तर बाईलवेडा म्हणून जन्मभर बोलतात. ह्यांनी घरातसुद्धा मला "ऐकलं का" याच्या पलीकडं हाक मारली नव्हती.

पेशकारानं विचारलं, "कुणाला?"

हे टेबलाकडं बघत उभे राहिले. मग ह्यांनी माझं नाव घेतलं. माहेरचं, पुरतं, माझ्या वडिलांच्या नावासकट. आवाज इतका हळू होता की पेशकार म्हणाला, "ऐकू आलं न्हाई, मोठ्यानं सांगा." तेव्हा ह्यांनी मान वर केली, थोरल्या भावाकडं तोंड केलं आणि दुकानात माल पुकारतात तेवढ्या आवाजात ते पुन्हा सांगितलं.

मला रडू आलं. लोकांपुढं रडणं मला मुळीच आवडत नाही, पण आलं, आणि मी पदरानं पुसलंही नाही. हे माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरून दुकानात गेले. पुढं दोन महिने थोरले दीर ह्यांच्याशी बोलले नाहीत. ह्यांना त्याचा त्रास झाला, पण त्यावरून हे मला कधी एक शब्द बोलले नाहीत.

मोजणी झाली. पाच मतांनी मी पडले. बाद झालेली मतं नऊ. मी पेशकाराला म्हणाले, "नऊजणी माझ्याकडं बोट दाखवून बोलल्या हे तुमी डोळ्यांनी बघितलं." तो म्हणाला, "बघितलं बाई. मला अफसोस हाय. पण बोटाचा रकाना न्हाई." तो खरंच कष्टी दिसत होता. आडत्याला हार पडले, गुलाल उधळला, आणि त्यानं पेढ्यांचा एक पुडा आमच्या घरीही पाठवला. मी तो तसाच परत पाठवला.

त्यानंतर पंधराच दिवसांत नव्या समितीनं ठराव केला. पाचही सह्या पडल्या. मास्तरनं मला रस्त्यात गाठून सांगितलं की सोमवारी सकाळी गाड्या येणार, पोरींना पुढच्या खोलीत बसवा नाहीतर घरी ठेवा असा हुकूम आहे. मी धुण्याच्या दगडावर एवढंच म्हणाले की सोमवारी गाड्या येणार हायेत. आणखी काही सांगायची मला गरज पडली नाही.

सोमवारी मी मुलीला घेऊन मागच्या गल्लीत गेले तर खोली भरलेली होती. पुढं पोरी आणि त्यांच्या मागं, भिंतीला टेकून, बाया. येलदरीवाली दाराच्या उंबऱ्याशी लोकर कातत बसली होती. मास्तर फळ्याकडं तोंड करून बेरजा लिहीत होता, जणू रोज एवढाच वर्ग भरतो. मी आत जाऊन बसले. थोड्या वेळानं गाड्या आल्या आणि गल्लीत अडकून उभ्या राहिल्या. पुढं जायला जागा नाही, मागं फिरवायची तर बैल सोडावे लागणार.

पाटील आला. आधी ओरडला, मग समजावलं, मग पुन्हा ओरडला. शेवटी कोतवालाकडून वही आणवली. सरकारी ठरावाला आडकाठी केली म्हणून तहसिलीत अर्जी करतो, एकेकीनं नाव सांगा, असं म्हणाला.

बायांनी तोंडावर पदर ओढले होते. पाटलानं येलदरीवालीला विचारलं, "तू कोण?"

तिनं आपलं नाव सांगितलं. फुलाचं. पुढं बापाचं.

पाटलानं लिहायला घेतलेला टाक थांबला. "हे कोण? ह्या नावाची बाई गावात कोण हाय?"

"मी हाय," ती म्हणाली.

त्यानं दुसरीला विचारलं. तिनंही माहेरचं नाव सांगितलं. तिसरीनं सांगितलं. पाटील वहीतली गावची यादी चाळायला लागला. यादीत अमक्याची बायको होती, तमक्याची सून होती, फलाण्याची आई होती. यातलं एकही नाव त्यात नव्हतं. तो वैतागून म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं नाव सांग!" सेलूवाली म्हणाली, "नवऱ्याचं नाव मी कशी घेऊ? पाप लागंल की." पोरी खिदळल्या, मास्तरनं त्यांना गप्प केलं.

पाटलाला त्या बायांतल्या निम्म्या आवाजावरून ओळखू येत होत्या. पण अमक्याची बायको असं लिहून पाठवलं तर पेशकार काय करतो, हे त्यानं चावडीत बसून, हसत हसत, नऊ वेळा पाहिलं होतं. त्यानं टाक कानामागं खोचला. आडत्या गाडीशेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. तो पाटलाला म्हणाला, "जाऊ द्या आता. उन्हात बैल उभे हायेत," आणि गाडीवानांना बैल सोडून गाड्या फिरवायला सांगितलं. त्या फिरवायला पुष्कळ वेळ लागला. कापूस परत त्याच्या वखारीत गेला.

जाण्याआधी पाटील माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मी तोंडावर पदर ओढला नव्हता. "आणि तू?" तो म्हणाला.

मी सांगितलं. तेवढं एकच नाव त्याच्या कागदांत सापडलं, कारण निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचं म्हणून ते पंधरा दिवसांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

म्हणून ती अर्जी माझ्या एकटीच्या नावानं गेली. त्या सालात मला जिंतूरला तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा मी मोटारीनं गेले, कचेरीच्या बाकावर बसले, पेशकारानं कागदात बघून माझं नाव पुकारलं आणि मी हजर म्हणाले. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं की खोलीत आता कापूस आहे का. मी म्हणाले, "न्हाई साहेब. चोवीस पोरी हायेत."